सुईच्या टोकाएवढं

"दाखव बोट," तोगार म्हणाला.

वागिमानने हात मागे घेतला. "काही नाही, पाक. गंज घासताना तारेचा ब्रश टोचला."

"दाखव म्हटलं ना!"

डाव्या तर्जनीच्या पेरावर तांबडा ठिपका होता. सुईच्या टोकाएवढा. रक्तही धड आलं नव्हतं. तोगार हा जहाजांना रंग मारणाऱ्या टोळीचा मुकादम; सगळे त्याला 'पाक', म्हणजे साहेब, म्हणायचे. तो त्या ठिपक्याकडे बघतच राहिला. कपाळावर घाम डवरला होता.

"हे ब्रशचं नाही. स्प्रेगनचं आहे. चल हॉस्पिटलात."

स्प्रेगन काय चीज आहे, हे बाताम बेटावरच्या या गोदीत तोगारनेच वागिमानला शिकवलं होतं. तिच्यातून प्रचंड दाबाने सुटणारा रंग कातडीला भोक पाडून आत घुसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत बोट आतून सडायला लागतं. "आधी प्रेशर सोडा, मग नोझलला हात लावा," हे तो रोज सकाळी सगळ्यांकडून घोकून घ्यायचा. गेल्याच महिन्यात लामहोतने प्रेशर न सोडता तुंबलेलं नोझल बोटाने पुसलं. नशिबाने काही झालं नाही, तरी तोगारने त्याला उभ्या उभ्या कामावरून काढलं. आणि लामहोत त्याचा सख्खा मेहुणा.

"पाक, देवाशप्पथ, आज मी गन धरलीच नाही," वागिमान काकुळतीला आला. "मला काढू नका. घरी तान्ही पोर आहे."

"तुला कोण काढतंय? गाडी काढ."

"इथल्याच दवाखान्यात दाखवतो की."

"तिथे आयोडीन फासतील नि परत पाठवतील. तोवर बोट जाईल. चल!"

वागिमानच्याच मोटरसायकलवर दोघं निघाले. तोगार मागे बसला, एक हात जाकिटाच्या खिशात खुपसून. सिग्नलला थांबलं की तो खेकसायचा, "पळव रे! वरातीला निघालायस का?"

वागिमानला आता बोट खरंच जड वाटायला लागलं. सकाळी आपण गनची नळी गुंडाळली होती. नळीलाच चीर असेल तर? बायकोला काय सांगायचं? एका हाताने पोरीला न्हाऊ कसं घालायचं? त्याने सलग दोन तांबडे सिग्नल तोडले.

हॉस्पिटलात वागिमान तोंड उघडायच्या आत तोगारच डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "डावी तर्जनी. गंजरोधक रंग, थिनर मिसळलेला. सव्वाआठला घुसलाय. दोन तास होत आले. ऑपरेशनची तयारी करा."

बाईंनी वागिमानचं बोट दिव्याखाली धरलं. भिंग लावलं. मग चिमट्याने हलकेच काहीतरी ओढून काढलं.

"ब्रशची तार आहे ही. आत रंगाचा थेंबही नाही. पट्टी लावा आणि जा."

वागिमानला हसू आणि रडू एकदमच आलं. "ऐकलंत, पाक? मी सांगत होतो ना! उगीच जीव टांगणीला लावलात!"

तोगार हसला नाही. त्याने खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. तर्जनी वांग्यासारखी काळीनिळी सुजली होती.

"सांगितलं ते सगळं खरं, डॉक्टर," तो खालमानेने म्हणाला. "बोट तेवढं माझं."