नव्या फ्रिजचं उघडं दार

आमचे हे जुन्या फ्रिजचं दार गुडघ्याने ढकलून लावायचे. हे गेल्यावरही मी पाठ फिरवली की ते धप्पकन लागायचं. म्हणून तो फ्रिज भंगारात देववत नव्हता.

"आई, गॅस नीट काढून मगच मोडतात हो. सोडा आता त्याला!" सून म्हणाली.

आज तो गेला. मी नव्याचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं आणि ओट्याशी सरबत ढवळू लागले. दार उघडं म्हणून तो टीं टीं ओरडू लागला. माझा जीव थोडाथोडा झाला.

धप्प! ओरडणं थांबलं.

"सूनबाई, तू का गं?"

"मी गच्चीवर आहे, आई!"

मी सुखावून दुसरा पेला काढला. मागे कडकड करत बर्फ सुटला.

ट्रेमध्ये मी अजून पाणीच भरलं नव्हतं.