दुसरी फळी

“एक फळी तुझ्या लेझर मशीनला,” सासरे म्हणाले. “बिघडली, तर दुसरी माझ्या करवतीला. मग मध्ये बोलायचं नाही.”

सुनेने मान डोलावली खरी, पण त्या करवतीचीच तिला धास्ती होती. म्हातारबुवांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. गेल्या महिन्यात करवत सटकून डाव्या अंगठ्याला सात टाके पडले होते. तरी नातीच्या खुर्चीची पाठ आपल्याच हातची हवी, म्हणून हटून बसले होते. घरात सगळ्यांनी सांगून पाहिलं. जन्मभराचे सुतार ते, ऐकतायत कुणाचं!

फळ्या पाऊण इंच जाड, जुन्या मुरलेल्या लाकडाच्या. अशा दोनच उरल्या होत्या.

टेबलावर दोन लेन्स होत्या. सासऱ्यांनी छोट्या लेन्सकडे बोट केलं. “ही बारीक टोकाची लाव. जाड लाकूड म्हटलं की धार हवी.”

“नाही बाबा, ही नक्षी कोरायची. हिचा किरण एका जागी बारीक होतो आणि लगेच पसरतो. इतक्या जाड फळीत कड तिरकी येईल. ही दुसरी, लांब पल्ल्याची, ती आरपार सरळ जाते.”

“तुझं मशीन, तुझी अक्कल.”

तिने लांब लेन्स बसवली. सासऱ्यांची नजर पाठीला टोचत होती. घाईघाईने तिने भिंतीवरच्या खिळ्याला लटकणारा मापाचा ठोकळा काढला, मशीनचं तोंड आणि फळी यांच्यामध्ये धरून अंतर लावलं, झाकण बंद केलं आणि बटण दाबलं.

पहिल्याच क्षणी काहीतरी बिनसलं. बारीक रेघ यायच्या जागी पेन्सिलीएवढा काळा चर पडायला लागला. धूर कोंडला, आणि बघता बघता जाळ उभा राहिला. तिने लाल बटणावर हात मारला, झाकण उघडून ओलं फडकं दाबलं. फळी ऐन मध्यावर कोळसा झाली होती.

“सांगत होतो मी,” सासरे म्हणाले. “लेन्सच चुकली.”

तिने भिंतीकडे पाहिलं. मोठा ठोकळा तिथेच लटकत होता. प्रत्येक लेन्सचा ठोकळा वेगळा, हे तिनेच दहा जणांना शिकवलं होतं. आणि आज सवयीने तिचा हात रोजच्या ठोकळ्याकडे गेला होता.

“लेन्स बरोबर होती, बाबा. अंतर चुकलं. मी छोट्या लेन्सचा ठोकळा लावला. माझीच चूक.”

सासऱ्यांनी दुसरी फळी शिकंज्यात आवळली आणि करवत उचलली.

“बाबा...”

“बोलायचं नाही ठरलंय.”

तिने ओठ चावला. करवतीला आधार म्हणून त्यांनी डावा अंगठा रेघेशी टेकवला, तोच टाक्यांचा. पहिली ओढ घेतली आणि करवत रेघ सोडून उडाली. अंगठ्यापासून बोटभर अंतरावरून फळीवर लांबच लांब ओरखडा ओढत गेली. सुनेला ओरडावंसं वाटत होतं. ती हातातलं फडकं पिळत उभी राहिली.

त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि करवत पुन्हा टेकवली. आता दोन्ही हात थरथरायला लागले. करवतीचे दात लाकडावर नुसते कडकड वाजत राहिले.

मग त्यांनी करवत बाजूला ठेवली, शिकंजा सैल केला आणि फळी उचलून स्वतःच मशीनपाशी आणली. भिंतीवरचा मोठा ठोकळा काढून तिच्या हातात दिला.

“आता हाच ना?”

“हाच.”

तिने अंतर लावायला घेतलं. दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदाही. झाकण बंद करणार, तेवढ्यात त्यांनी तिचा हात धरला. आवाज अगदी खाली उतरला होता.

“सूनबाई, फळी उलटी कर. तो ओरखडा खाली जाऊ दे. पोरीला दिसायला नको.”