दुसरी साक्षीदार

बायको, ऋता, गेल्याचं देवेंद्रला हॉस्पिटलमधून कळलं, त्याच दिवशी तिच्या मोबाइलवर, स्वतःचा मोबाइल हरवलेल्या फुलमतीची विनंती आली होती. झिरकपूरच्या बांधकामांवर राबणाऱ्या फुलमतीसारख्या बायकांना ऋताने ब्लॉकचेनच्या डिजिटल नोंदवहीत ओळखपत्रं काढून दिली होती. मोबाइल हरवला तर दोन साक्षीदारांच्या होकाराशिवाय ती उघडत नसत. फुलमतीची एक साक्षीदार शेजारीण, दुसरी ऋता. तेराव्यानंतर फुलमती दारात आली. तिला आठवा महिना होता आणि सगळे रिपोर्ट ओळखपत्रात अडकले होते. “बाबूजी, आप ही बटन दबा दीजिए. दीदी मना थोड़े करतीं?” ऋताचा पिन त्याला ठाऊक होता. पण तिथे लिहिलेलं पुसता येत नाही, खोटं लिहू नये, तीच बजावायची. ‘साक्षीदार मृत’ अशी नोंद त्याने केली, तरच ऋताच्या जागी दुसरी साक्षीदार नेमता येणार होती; आणि ती नोंदही कधी पुसता येणार नव्हती. “पहले चाय पियो,” तो म्हणाला. नोंद अजून झालेली नाही.