दार बंद, दहा रुपये

"तीन रुपयांत पंधरा मिनिटं, घरचं माणूस शेजारी बसलेलं चालतं. दहा रुपयांत पूर्ण तास, पण दार बंद आणि पेशंट एकटा," डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं.

घनश्यामने खिशातल्या नोटेवर हात ठेवला. दहाचीच होती, आणि शेवटची. बासष्ट साली दहा रुपयांत घराचा आठवडा निघायचा. गेले तीन रविवार तो वणीहून बायकोला घेऊन यवतमाळला येत होता. त्यापायी सायकल विकून झाली. आणि हा डॉक्टर तरी कसला? ना सुई, ना गोळी, नुसता विचारत बसतो. तेवढं तर शेजारणी फुकट करत होत्या.

इंदूबाई चार महिन्यांपासून मुकी होती. तिचा भाऊ सरकी काढायच्या जिनात हमाल होता. ती त्याला भाकर द्यायला गेली, तेव्हा तो ट्रककडे पाठ करून कापसाची गठाण बांधत होता. ट्रक मागे आला. तिच्या डोळ्यांदेखत भाऊ गेला, आणि त्या दिवसापासून तिच्या तोंडून शब्द नाही.

तिन्ही रविवार घनश्याम तिला चिकटून बसला होता. "बोल ना वं. मी हावो ना इथं," म्हणायचा. ती त्याच्याकडे बघायची आणि ओठ आणखीच घट्ट मिटायची.

घरी त्याच्या आईने निकाल लावून ठेवला होता. आज बोलली नाही तर उद्या नागपूरच्या पागलखान्यात नेऊन सोडायची. तिथं फुकट ठेवतात म्हणे. बायकोवर फार जीव होता हो त्याचा, पण आता त्याच्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

"घ्या," तो नोट पुढे करत म्हणाला. "बसवा एकटीले."

दार बंद झालं. तो बाहेर बाकावर टेकला. आतून डॉक्टरांचा हळू आवाज आला, मग तोही थांबला. अर्धा तास गेला. हेही पैसे पाण्यात गेले, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटलं.

"घनश्याम!"

तिचाच आवाज. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तिने कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. कोणती बाई घेते? आज चक्क हाक मारली. तो धडपडत उठला आणि दार लोटून आत शिरला.

"हा काय, आलो ना मी."

तिने वळूनही पाहिलं नाही. ती डॉक्टरांशी बोलत होती.

"माह्या भावाचंही हेच नाव होतं, साहेब. लगन झालं तवापासून मले ते घेता येत नोतं. मी त्याले नुसतं भाऊ म्हनो. त्या दिवशीही मी भाऊ, भाऊ करून ओरडली. जिनातले दहा जण वळले. तो नाही वळला."