तीन शेपट्यांच्या अळ्या

किडेवालीने नदीतून जाळं वर काढलं, पांढऱ्या ट्रेमध्ये उलटं केलं आणि खाली वाकून पुन्हा नीट पाहिलं. ट्रेमध्ये तीन शेपट्यांच्या अळ्या होत्या. एखाददुसरी नाही, चांगल्या मूठभर. ही अळी स्वच्छ, वाहत्या पाण्याशिवाय जगत नाही. आणि इथे वरच्या रंगकारखान्याच्या कृपेने नदीला जांभळट फेस आलेला, वास असा की तिच्या ऑफिसातले साहेब जीपमधून उतरल्यापासून नाकाला रुमाल लावून उभे. अर्ध्याअधिक अळ्या मेल्याच होत्या. उरलेल्या कशाबशा वळवळत होत्या.

नदीच्या प्रत्येक टप्प्याला वर्षातून एकदा रंग मिळायचा. पायाने दगड ढवळायचे, खालच्या अंगाला जाळं धरायचं, त्यात कुठले जीव सापडतात ते बघायचं आणि त्यावरून लाल, पिवळी नाहीतर हिरवी पाटी ठोकायची. तिचं कामच ते, म्हणून वस्तीने तिचं नाव किडेवाली पाडलं होतं. गेल्या खेपेला हिनेच हौसेने बायकांना गोळा करून शिकवलं होतं, की लाल अळी दिसली तर पाणी घाण, आणि ही तीन शेपट्यांची दिसली की समजा नदी ठणठणीत. बायकांनी अगदी मन लावून ऐकलं होतं. आपलं बोलणं कोणी एवढं मनावर घेईल असं तिला तरी कुठे वाटलं होतं.

गर्दीत सगळ्यांत पुढे काकू उभ्या होत्या. त्यांच्या पायांना लाल चिखल लागला होता, आणि तो इथला नव्हता. इथला काळा. लाल माती थेट वर, डोंगरातल्या ओढ्याला.

काकूंच्या मुलाचं लग्न या पाटीपायी अडलं होतं. पाहुणे यायचे, पुलावर लाल पाटी वाचायचे आणि तिथूनच गाडी फिरवायचे. एका मुलीच्या बापाने तर तोंडावर सांगितलं होतं, की विषाच्या काठावर मुलगी द्यायला ती आम्हाला जड झालेली नाही. काकूंनी तेव्हापासून हाय खाल्ली होती.

आता यातली मेख अशी, की या खालच्या वस्तीला रोज पिण्याच्या पाण्याच्या टँकरची फेरी व्हायची ती त्या लाल पाटीमुळेच. लाल टप्प्याला टँकर, बाकीच्यांनी नदीचं पाणी प्यायचं, असा नियम. वस्तीला मात्र वाटायचं, टँकर नगरसेवकाने दिलाय. त्यानेही कधी नाही म्हटलं नाही. कशाला म्हणेल?

किडेवालीने साहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. या वर्षी त्यांना नदीवर एकही लाल टप्पा नको होता, हे ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक होतं. ते म्हणाले, जाळ्यात आलं ते धरायचं, ते आलं कुठून हे विचारणारे आपण कोण? तिने बाटलीत भरून घेतलेल्या पाण्याचं विचारलं. तो अहवाल येईल तेव्हा येईल, म्हणाले, पाटी आजच लागते. मग तिचा उतरलेला चेहरा बघून ते जरा हसले. बरं, तुमच्या समाधानासाठी विचारूनच टाकू, म्हणाले.

ते गर्दीकडे वळले. रुमाल खिशात ठेवला.

"काकू, आमच्या या बाई म्हणतात, अळ्या तुम्ही बाहेरून आणून सोडल्या. काय असेल ते खरं सांगा. सगळ्यांसमोर."

किडेवाली पुढे धावली. काकूंचा हात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागली, की हो म्हणा काकू, तुम्हाला कोणी काही करणार नाही. पाटी हिरवी झाली तर टँकर बंद होईल, हेच पाणी प्यावं लागेल. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेबांनी नुसते खांदे उडवले. टँकर काय हिच्या बापाचा आहे का, असं मागून कोणीतरी म्हणालं आणि बायका फिदीफिदी हसल्या.

काकूंनी हात सोडवून घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवला.

"माझ्या लेकाची शपथ. इथल्याच आहेत."

हिरवी पाटी जीपमध्ये रंगवून तयारच होती. ड्रायव्हरने लाल काढून ती ठोकली. टाळ्या पडल्या. काकूंनी मुलाला घरी पिटाळून साखर मागवली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवत सुटल्या. साहेबांनी साखर तोंडात टाकली, जीपमध्ये बसले आणि फोन लावला. खालच्या वस्तीची फेरी उद्यापासून बंद करा, म्हणाले. हो, कायमचीच. काकू खिडकीशीच उभ्या होत्या. कुठली फेरी ते त्यांना समजलं नाही, आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यात तोंड घालण्याची त्यांना सवय नव्हती.

सगळ्यांत शेवटी त्या किडेवालीपाशी आल्या. तिने हात पुढे केला नव्हता, तरी काकूंनी मूठ मिटून घेतली.

"तुला नाही, पोरी. माझ्या घरात सून येतेय, ते तुला बघवेना."