जोडीची नेमबाजी

सकाळी दहा वाजता नंदुरबारबाहेरच्या मैदानावर ठासणीच्या बंदुकांची जोडी-स्पर्धा सुरू झाली. एकाने बार भरायचा, दुसऱ्याने उडवायचा. लोणखेड्याचे रतिलाल आणि भूपेंद्र हे भाऊ वावराच्या वाटणीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. पण वडिलांची बंदूक दोघांत एकच, म्हणून जोडीही तीच.

रतिलाल बार ठासून पाणी प्यायला गेला. बंदूक भरली आहे का, हे भूपेंद्रला विचारता येईना. त्याने स्वतःच दारू ओतली, गोळी ठासली, बार पेटवणारी केप बसवली आणि बंदूक खांद्याला लावली. परतलेल्या रतिलालला आपण बंद केलेली दारूची डबी उघडी दिसली.

तो पंचांकडे वळून ओरडला, "साहेब, त्याले सांगा, बार दोन डाव भराई गया! नळी फुटी जाई!"

भूपेंद्रने दस्त्यावरचा गाल हलवला नाही. "साहेब, त्याले सांगा, वाटणीमाबी तो असंच खोटं बोलना व्हता."



पंचांच्या दोन्ही कानांत कापूस होता. जोडी तयार आहे असं समजून त्यांनी हिरवा झेंडा वर केला.