आवाज जातो कुठे

दुपारी दीडच्या सुमाराला चष्म्याच्या दुकानाचं दार ढकलून सासूबाई आत आल्या, तेव्हा ती एका फ्रेमचा स्क्रू आवळत होती. सासूबाई म्हणायचं ते सवयीने. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. त्यांनी छातीशी एक उशीचा अभ्रा धरला होता आणि अभ्र्यात काहीतरी चौकोनी होतं.

"आई, बसा ना," तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी अभ्र्यातून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला. जुना, जाडजूड, एका बिजागरीला चिकटपट्टी लावलेला.

"मुका झालाय. माणसं दिसतात, तोंडं हलवतात, पण आवाजाच्या नावाने शून्य. लेकाला फोन केला तर तो तिकडून सांगतो, बंद करून परत चालू कर. चार दिवस तेच करतेय. आता मीच बंद पडायची बाकी आहे."

"दुरुस्तीवाल्याकडे नाही नेलात?"

"इकडे जवळपास कुठे आहे दुरुस्तीवाला?"

दोन दारं सोडून होता. त्याची पाटी रस्त्याच्या टोकावरून वाचता यायची. तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

तिने बातम्या लावून पाहिल्या. आवाज पूर्ण वाढवलेला होता. आवाजाच्या चिन्हावर फुली नव्हती. मग तिला स्क्रीनवर एका कोपऱ्यात हेडफोनचं चित्र दिसलं.

"याला वाटतंय, तुम्ही हेडफोन लावलेत. सगळा आवाज तिकडेच पाठवतोय."

"हेडफोन कधीच मोडले गं. वायर पायात अडकली न् गेले."

तिने डोळ्याला भिंग लावलं आणि दिवा वाकवून कडेच्या भोकात पाहिलं. आत खोलवर पिनेचं टोक चमकत होतं. हेडफोन गेले होते, टोक तेवढं मागे राहिलं होतं. चिमटा तिथवर पोचेना. तिने चष्म्याच्या एका मोडक्या काडीतली बारीक तार ओढून काढली, तिच्या टोकाला गोंदाचा थेंब घेतला आणि श्वास रोखून ती आत सरकवली.

"आता पाच मिनिटं हात हलवायचा नाही," ती म्हणाली. "गोंद कडेला लागला तर कायमचं बसलं."

"अजिबात हलवायचा नाही?"

"अजिबात नाही."

सासूबाईंनी स्टूल पुढे ओढलं. "मग आत्ताच सांगते. रविवारी एका मुलीचे आईवडील माझ्याशी बोलणार आहेत. यावरूनच. त्याच्या ऑफिसातली आहे. दोघांचं ठरल्यातच जमा आहे."

रस्त्यावरून एक गाडी गेली. तार होती तिथेच होती.

"कशी आहे?" तिने भोकावरची नजर न काढता विचारलं.

"फोटोत तरी चांगली दिसते. चष्मा आहे."

"नंबर केवढा?"

"आता ते कसं विचारू मी?" सासूबाईंना हसू आलं आणि लगेच गेलं. "तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, ते मला नको होतं. फोनवर सांगायला तीनदा नंबर काढला. मग हा लॅपटॉप मुका झाला. मनात म्हटलं, बरं झालं."

तिच्या मनगटाला रग लागली होती. भिंतीवर डोळे तपासायची अक्षरं होती, वरची मोठी, खालची बारीक होत गेलेली. सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"त्याला सांगितलंत, इकडे येणार म्हणून?"

"त्याला कशाला? मी काय त्याला विचारून तुला आणलं होतं का घरी? रोज संध्याकाळी बाल्कनीत बसायचो, ते काय तो असायचा म्हणून?"

तो संध्याकाळी कधीच नसायचा. तिने मान हलवली नाही. पाच मिनिटं झाली असावीत. तिने तार हळूच मागे ओढली. तिच्यासोबत तांदळाच्या दाण्याएवढं टोक बाहेर आलं, आणि त्याच क्षणी बातम्यांतली एक बाई दुकानभर खणखणीत आवाजात हवामान सांगू लागली. दोघी दचकल्या. सासूबाईंनी घाईघाईने स्पीकरवर हात ठेवला, रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर ठेवावा तसा.

"झालं," ती म्हणाली.

"झालं?" सासूबाईंचा आवाज जरा पडला. त्यांनी अभ्रा मांडीवर घेतला, त्याची घडी घातली, परत उलगडली.

"थांबा. रविवारी नुसतं ऐकून कसं चालेल? तुमचा आवाज जातोय का, तेही बघायला हवं." तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. "बोला."

"काय बोलू?"

"त्यांच्याशी बोलाल तेच."

सासूबाई ताठ बसल्या. "नमस्कार. मी त्याची आई. आम्हाला फार आनंद..." तिथेच थांबल्या. स्क्रीनवर आवाजाची रेघ सपाट झाली. त्यांनी नकारार्थी हात हलवला. "हे पूस. परत कर."

तिने पुसलं. पुन्हा बटण दाबलं.

यावेळी त्या लॅपटॉपच्या अगदी जवळ वाकल्या, आणि शेजारच्या खोलीत कुणी असावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "जेवलीस का?"

तिने रेकॉर्डिंग थांबवलं आणि लावून पाहिलं. जुन्या स्पीकरमधून थोडा घोगरा, पण स्वच्छ आवाज आला. "जेवलीस का?"

दोघी स्क्रीनकडेच बघत होत्या.

"ऐकू आलं ना नीट?" सासूबाईंनी विचारलं.

"आलं."

"मग सांग की."

"नाही अजून," ती म्हणाली. मग उठली आणि दारावरची पाटी फिरवून तिची 'बंद' ही बाजू रस्त्याकडे केली.